पहाटे तीनला जाग येते. पुढे तुम्ही काय करता?

कोरीपाटी
वय ५१. नोकरी चालू आहे, तब्येत म्हणावी तर ठणठणीत. पण गेले सात-आठ महिने रोज पहाटे तीनच्या सुमारास डोळे उघडतात. तीन दहा, तीन पाच, एकदा तर बरोब्बर तीन. स्वप्न नाही, आवाज नाही, काही नाही. आणि मग मन सुरू होतं.

आई ७८ वर्षांची आहे, परवा तिने मला मावशीच्या नावाने हाक मारली, म्हणजे सुरुवात झाली का? मुलगा चार दिवस बोलला नाही, त्याचं काही बिनसलंय का? अकरा वर्षांपूर्वी मी एका सहकारी बाईला सर्वांदेखत एक वाक्य बोलले होते, तेही आठवतं. ती बाई नोकरी सोडून गेलीसुद्धा. मी मात्र अजून अंथरुणात पडल्या पडल्या तिची माफी मागते आहे.

पाचच्या आसपास पुन्हा डोळा लागतो आणि सहाला गजर. दिवसा या सगळ्यातलं काहीच इतकं मोठं वाटत नाही, हीच गंमत आहे. हे वय आहे, सवय आहे की आजार? कुणाला दाखवावं का? शेजारी नवरा ओंडक्यासारखा झोपलेला असतो, त्याचा हेवा वाटतो. (दिवसा मात्र हल्ली सगळ्यांवर खेकसत असतो. तो वेगळा धागा होईल.)

जुनाखोड
ताई, तुम्ही तीनलाच उठता? मी दीडला, तीनला आणि पावणेपाचला. फरक इतकाच की तुमचं मन उठवतं, माझं मूत्राशय. वय ६९.

रातकिडा
हे आत्ता तीन वीसला वाचतोय. +१. रुमाल टाकून ठेवतो, सकाळी लिहीन.

अर्धविराम
गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या अर्ध्या भागातच मिळून जातो. नंतरची झोप उथळ असते, स्वप्नं जास्त. शरीराचं तापमान पहाटेच्या सुमारास सगळ्यात खाली असतं आणि कॉर्टिसॉल हे जागं करणारं संप्रेरक हळूहळू चढायला लागलेलं असतं. त्यामुळे जाग या वेळी येणं सोपं. बहुतेक लोक कूस बदलून परत झोपतात आणि सकाळी त्यांना आठवतही नाही. प्रश्न जाग आली हा नाहीच, जाग आल्यावर सभा भरते हा आहे. सभेचे अध्यक्ष आपणच, वक्तेही आपणच आणि उठून जायला जागा नाही.

एक करा. घड्याळ बघू नका. तीन दहा की तीन पाच हे तुम्हाला माहीत आहे, म्हणजे तुम्ही रोज बघता.

कोरीपाटी
बघते. बघून 'आता किती तास उरले' याची वजाबाकीही करते.

स्पष्टवक्ता
राग मानू नका, पण हे सगळं रिकामपणाचं लक्षण आहे. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या माणसाला तीनला जाग येत नाही. आमच्या आधीच्या पिढीला कुठे होतं हे डिप्रेशन नि अँग्झायटी? मन मारून जगायची सवय होती, एवढंच. आता जरा खुट्ट झालं की समुपदेशक.

सांजवात
कोरीपाटी, एक बाईमाणूस म्हणून विचारते, पाळीचं काय चाललंय? जायच्या आधीची दोन-चार वर्षं माझी अशीच गेली. रात्री अचानक अंगातून वाफ निघायची, पांघरूण फेकायचं, मग थंडी. वाफा आल्या की निदान कारण तरी कळतं. पण मला वर्षभर नुसती धडधड आणि विनाकारण रडू यायचं, ते हार्मोन्सचं आहे हे कुणी सांगितलंच नाही. या काळात आधी कधीही नैराश्य न आलेल्या बायकांनाही ते येऊ शकतं. 'या वयात होतंच' म्हणून सोडून देऊ नका. होत असेल, पण म्हणून सहन करत बसायचं असं कुठे लिहिलंय?

उंबरठा
@स्पष्टवक्ता, आधीच्या पिढीला नव्हतं? मग 'हाय खाल्ली' हा शब्द कुठून आला? 'झुरणीला लागली', 'अंथरूण धरलं', 'मन उडालं', 'कशातच राम वाटत नाही'. ही सगळी आपल्या आज्यांची भाषा आहे. मुलगा गेल्यावर सहा महिन्यांत बाप गेला, तर लोक म्हणायचे त्याने हाय खाल्ली. निदान होतं, उपचार नव्हता, एवढाच फरक. आणि मन मारून जगलेली माणसं आपण जवळून पाहिली आहेत. मारलेलं मन घरातल्या बाकीच्यांच्या अंगावर यायचं.

स्पष्टवक्ता
शेवटचं वाक्य लागलं. वडिलांची आठवण झाली. बाकी मत कायम.

मोजपट्टी
माझी निवृत्ती झाली तेव्हा मुलीने होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांची १९६७ सालची यादी दाखवली. आयुष्यातल्या ४३ घटना आणि प्रत्येकीला ताणाचे गुण. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३. निवृत्ती ४५. मुलं घराबाहेर पडणं २९. पण मी अडकलो ते मधल्या दोन ओळींवर. लग्न ५० आणि नोकरीवरून काढून टाकणं ४७!

जुनाखोड
म्हणजे लग्न करण्यापेक्षा नोकरी गेलेली परवडली. हे १९६७ सालीच कळायला हवं होतं, माझं लग्न १९८१ चं.

मोजपट्टी
पुढे ऐका. सुट्टीवर जाणं हेसुद्धा यादीत आहे, १३ गुण. मला हसू आलं, पण मुद्दा असा की बदल चांगला की वाईट, शरीर फार विचारत नाही. जुळवून घ्यायला ताकद लागतेच. पहिले तीन महिने मी खुशीत होतो. चौथ्या महिन्यात सकाळी दाढी करताना हात थांबला. कुणासाठी करतोय? पदावरून निवृत्त झालो होतो, पण पदाशिवायचा मी कोण ते शोधलंच नव्हतं. कुणाला सांगितलं असतं तर 'मजा आहे बुवा तुमची' हेच ऐकू आलं असतं. नाही सांगितलं.

सावली
बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते. मोठं होईल.

माझे यजमान सहा वर्षं स्मृतिभ्रंशात आहेत. वय ७४. ते घरात आहेत, जेवतात, चालतात, कधी कधी हसतात. पण माझ्याशी ४३ वर्षं भांडणारा माणूस गेला आहे. त्याचं मला रडता येत नाही, कारण तो तर समोर खुर्चीत बसलाय. भेटायला येणारे म्हणतात, 'तब्येत छान दिसते हो.' मी मान डोलावते.

पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाई आहेत. त्यांनी १९७० च्या दशकात या प्रकाराला 'अँबिग्युअस लॉस' असं नाव दिलं, मराठीत मी त्याला 'अधांतरी वियोग' म्हणते. त्याचे दोन प्रकार. माणूस शरीराने नाही पण मनातून जात नाही, उदाहरणार्थ बेपत्ता झालेला. आणि दुसरा आमचा, शरीराने आहे पण मनाने नाही. हे वाचलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी निष्ठुर नाही. कारण माझ्या मनात येतं, खोटं कशाला बोलू, की हे एकदाचं संपावं. आणि ते येऊन गेल्यावर जी अपराधाची कळ उठते ती तीनलाच उठते.

आता काय करते? फार काही नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ नणंद येऊन बसते आणि मी बाहेर पडते. पहिले दोन महिने मी बाहेर पडून नुसती बाकावर बसून रडले. आता चालते.

उंबरठा
सावलीताई, नि:शब्द.

सांजवात
सावली, ते विचार येणं म्हणजे तुम्ही दमला आहात. इतकंच. जवळपास प्रत्येक काळजीवाहू माणसाच्या मनात हे येतं आणि जवळपास कुणीच ते बोलत नाही.

टिपणकार
मी या क्षेत्रात काम करतो, पण इथून निदान करणार नाही. काही गोष्टी ढोबळपणे.

कोरीपाटी, वय, सवय की आजार हे रात्रीवरून ठरत नाही, दिवसावरून ठरतं. पूर्वी ज्यात मन रमायचं त्यात रमतं का? भूक, कामातलं लक्ष, स्वतःबद्दलचं मत कसं आहे? हे सलग दोन आठवडे बिघडलेलं असेल तर नैराश्याचा विचार करायचा. नेहमीपेक्षा बरंच लवकर जाग येणं आणि पहाट सगळ्यात जड जाणं हे नैराश्याच्या एका प्रकारात खास दिसतं. नुसती काळजीची सभा भरत असेल आणि दिवस बरा जात असेल तर निद्रानाशाचे उपचार आधी.

नैराश्य चाचपायला २००१ साली प्रसिद्ध झालेली पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. शेवटचा, नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटावं. हे निदान नाही. थर्मामीटर समजा, ताप आहे एवढं सांगतो, कशाचा ते नाही. डॉक्टर थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन बघतील. थायरॉइड मंदावलेला माणूस आणि नैराश्यातला माणूस बाहेरून अगदी सारखे दिसू शकतात.

दोन गोष्टी ज्यांच्याकडे घरचे हमखास दुर्लक्ष करतात. एक, म्हातारपणी नैराश्य 'मला उदास वाटतं' असं बोलत नाही. ते पोटात दुखतं, पाठ दुखते, विसरायला होतं, असं बोलतं. कधी कधी स्मृतिभ्रंश वाटतो आणि उपचारानंतर स्मरणशक्ती बरीच परत येते. म्हणून तपासणीआधी घरच्या घरी शिक्का मारू नका. आणि एखादा वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागला तर ते मनाचं समजून थांबू नका, लघवीच्या संसर्गानेही तसं होतं. त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरी, पुरुषांमध्ये नैराश्य बरेचदा रडत नाही, चिडतं.

रातकिडा
सकाळी लिहीन म्हणालो होतो, चौथी रात्र आहे. घरी सगळे झोपलेत. मला काळजी-बिळजी नाही येत. नुसतं वाटतं की सकाळ झालीच नाही तर बरं होईल. वय ४४. बाकी सगळं व्यवस्थित आहे. असंच लिहिलं, हलकं घ्या.

अर्धविराम
नाही घेणार हलकं. जागा आहेस का? व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघ.

टिपणकार
रातकिडा, सरळ विचारतो. स्वतःला संपवण्याचा विचार येतो का? कसं, कधी, असं काही ठरवलंय का? असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो हा गैरसमज आहे, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर आत्ता घरातल्या एकाला उठवा. झोपमोड होईल, होऊ दे. स्वतःला इजा करता येईल असं जे काही हाताशी असेल ते त्या माणसाच्या ताब्यात द्या आणि उजाडेपर्यंत एकटे राहू नका. धोका वाटला तर थेट रुग्णालय गाठा. उत्तर 'नाही' असलं तरी या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.

सावली
मी पण जागी आहे रे बाळा. इथेच आहे.

रातकिडा
ठरवलेलं काही नाही. बहिणीला फोन केला. ती येते म्हणाली. ओरडली आधी.

सांजवात
ओरडू दे. बहीणच ती.

गुळगुळीतगोटा
(विषय जरा हलका करतो.) तीनला उठलेल्यांसाठी माझा उपाय. १९७० च्या दशकात बूटझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नियम सांगितले ते असे. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं अंदाजाने वाटलं की अंथरूण सोडायचं. दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं. डोळे जड झाले की परत. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच. अंथरूण म्हणजे झोप, ही गाठ मेंदूत पुन्हा बसवायची.

कंटाळवाणं म्हणून मी वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका वाचली. सहा रात्रींत पाठ झाली. आता आमच्या मशीनचं काहीही बिघडलं की सोसायटीतले लोक मला बोलावतात.

जुनाखोड
झोपेचं काय झालं पण?

गुळगुळीतगोटा
पहिला आठवडा भयंकर गेला, दिवसा पेंगायचो. तिसऱ्या आठवड्यापासून सुधारली. हे कुणी सांगत नाही, आधी बिघडतं.

मोजपट्टी
मला झोपेची गोळी हा सोपा मार्ग वाटला होता. आईला पण दिली जायची. ८१ व्या वर्षी रात्री उठली, तोल गेला, खुबा मोडला. नंतर कळलं की त्या जातीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्यांमध्ये पडण्याचं आणि गोंधळण्याचं प्रमाण वाढतं. तेव्हापासून गोळी या शब्दाचीच धास्ती.

टिपणकार
धास्ती समजू शकतो, पण सगळ्या गोळ्या एका माळेत ओवू नका. झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, वयस्करांना त्या शक्यतो टाळतात. आधीपासून चालू असतील तर मात्र एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगून उतरवत आणायच्या. नैराश्याच्या हल्लीच्या गोळ्या वेगळ्या. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि त्रास मात्र पहिल्या आठवड्यात जाणवतो. मळमळ, अस्वस्थपणा. त्यामुळे लोक नेमके चुकीच्या वेळी सोडतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. वयस्करांमध्ये रक्तातलं सोडियम कमी होतं का, तेही बघावं लागतं.

उंबरठा
दुसरी बाजूही नोंदवते. मी ज्या पहिल्या समुपदेशकाकडे गेले त्याने चाळीस मिनिटांत तीस मिनिटं स्वतःच्या घटस्फोटाबद्दल सांगितलं. शेवटी मीच त्याला 'होईल सगळं ठीक' म्हटलं आणि पैसे देऊन आले. दोन वर्षं परत कुणाकडे गेले नाही. मग दुसरी भेटली, तिने पहिल्याच भेटीत विचारलं, 'जे वाटतं त्याला नाव काय?' मी म्हटलं टेन्शन. ती म्हणाली, तो शब्द सोडून. अर्धा तास शोधत होते. काळजी नव्हे, घोर नव्हे, भीती नव्हे. शेवटी सापडलं, हुरहूर. मुलगी लांब गेल्यापासूनची. इतक्या छोट्या शब्दासाठी मी दोन वर्षं छातीचे ठोके मोजत होते आणि तीनदा ईसीजी काढला होता.

स्पष्टवक्ता
घालमेल, कासाविशी, तगमग, रुखरुख, चुटपुट. मराठीत ढीग आहे आणि आपण सगळ्याला टेन्शन म्हणतो. हे मात्र पटलं. माझी बहुधा रुखरुख असेल.

उंबरठा
कशाची?

स्पष्टवक्ता
वेगळा धागा होईल.

अर्धविराम
तुम्ही आणि कोरीपाटी मिळून मालिकाच काढा.

काळजीवाल्यांसाठी एक. बोरकोवेक या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सुचवलेली युक्ती मी वापरतो. रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. अंथरुणात नाही. रात्री विचार आला की त्याला म्हणायचं, उद्या साडेपाचला ये. साडेपाचला बसलो की निम्मे फिरकतच नाहीत. आलेले कागदावर लिहायचे, त्यातलं माझ्या हातात काय आणि काय नाही ते वेगळं करायचं.

जुनाखोड
करून बघितलं. साडेपाचला काळजी करायला बसलो आणि झोप लागली.

मोजपट्टी
हाहाहा. खुर्चीतच ना?

कोरीपाटी
साडेतीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. रातकिडा, तुमचा तर रोज आठवतो.

पाळी अनियमित आहे. सांजवात, तुम्ही विचारलंत आणि मला उत्तर द्यायला कॅलेंडर बघावं लागलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, बी-१२ कमी निघालं, ते चालू केलंय. वीस मिनिटांचा नियमही पाळते. घड्याळ भिंतीवरून काढून कपाटात ठेवलंय. जाग अजून येते, वाजले किती ते माहीत नाही. आईला पण नेणार आहे, कानापासून सुरुवात. मला मावशीच्या नावाने हाक मारली तेव्हा मी पाठमोरी होते आणि ती मला नीट ऐकूच शकत नसावी, हे नंतर लक्षात आलं.

पण लिहायचं होतं ते दुसरंच. टिपणकारांनी सांगितलेले ते नऊ प्रश्न मी कागदावर उतरवून सोडवले. माझे सात आले. कागद टेबलावर राहिला. दुसऱ्या दिवशी बघते तर माझ्या आकड्यांच्या बाजूला पेन्सिलने दुसरे आकडे. ह्यांचं अक्षर. बेरीज केली नव्हती. मी केली. सोळा.

ओंडक्यासारखा झोपतो म्हणून मी ज्याचा हेवा करत होते तो माणूस. त्याला झोपेच्या प्रश्नाला तीन गुण होते. 'जास्त झोप' हेही त्यात धरतात हे मी वाचलंच नव्हतं. मी 'खेकसतो' म्हणून कंसात टाकून दिलं होतं.

विचारलं तर आधी म्हणाले, असंच, टाइमपास. मी काही बोलले नाही, शेजारी बसून राहिले. मग म्हणाले, 'नवव्या प्रश्नाला शून्य दिलंय, ते बघितलंस ना?' बघितलं होतं. तेच आधी बघितलं होतं. पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे, दोघं जाणार आहोत.

टिपणकार
छान केलंत. तो कागद सोबत न्या.

सावली
पेन्सिलने लिहिलं. खोडता यावं म्हणून असेल. पण खोडलं नाही ना?

कोरीपाटी
नाही.

रातकिडा
मी ठीक. औषध सुरू होऊन सतरा दिवस झाले, फरक फार नाही पण आहे. बहीण अजून इथेच आहे आणि अजून ओरडते. आत्ता तीन पाच. सगळे झोपलात वाटतं.

जुनाखोड
आहे मी. दोन मिनिटांत आलोच.